कात्री लावण्याआधी

जुन्या साड्या, वडिलांचे शर्ट, विरलेल्या चादरी यांतून आपल्यापुरते कपडे करून घेणं आता पुष्कळ घरांत सुरू झालं आहे. इरकलीचे कुर्ते, खणाच्या पिशव्या, पैठणीच्या काठांचे ब्लाउज जागोजागी दिसतात. काहींच्या मते यात जुन्या कापडाचं चीज होतं, तर काहींच्या मते विणकराच्या कामावर कात्री चालते. या लेखातल्या दोघी या दोन बाजूंच्या आहेत. मावशी सोलापूरची, हातमागाच्या साड्या विकण्यात तिचं आयुष्य गेलं. भाची पुण्यात नोकरी करते आणि आपले बहुतेक कपडे स्वतः शिवते किंवा जुन्यातून करून घेते. वादाला निमित्त झाली एक इरकल. अंग काळं, काठ गोमी, पदर लाल आणि निऱ्यांच्या जागी विरलेली. भाचीला तिचं जाकीट आणि कुर्ता करायचा आहे.

मावशी : कात्री बाजूला ठेव आणि आधी सांग, ही साडी तू नेसून पाहिलीस का?

भाची : पाहिली. निऱ्या खोचताना अंगठा आरपार गेला. नेसायच्या कामाची राहिली नाही, म्हणूनच कापायला काढली.

मावशी : मग या साडीपुरतं माझं म्हणणं सौम्य करते. पण सगळ्याच जणी काही विरलेल्या साड्या कापत नाहीत. दुकानात अलीकडे बायका नवी कोरी साडी हातात घेऊन विचारायच्या, "यात दोन कुर्ते बसतील ना?" मागावरून नुकती उतरलेली साडी, अजून एकदाही कुणाच्या अंगाला लागलेली नाही, आणि तिचे तुकडे पडणार. मला ते बघवायचं नाही.

भाची : पण तिनं पूर्ण किंमत मोजलेली असते. पुढे त्या कापडाचं काय करायचं ते वापरणारीनंच ठरवायचं ना?

मावशी : तिनंच ठरवावं. पण आपण काय मोडतो आहोत ते माहीत करून घेऊन ठरवावं. इरकलीचंच घे. अंगाचा ताणा सुती असतो, पदराचा रेशमी. हे दोन ताणे एकमेकांत फासे अडकवून जोडतात, त्याला टोप-तेनी म्हणतात. त्यामुळे प्रत्येक साडीसाठी ताणा नव्यानं तयार करावा लागतो. एक लांबलचक ताणा चढवला आणि एकामागून एक साड्या विणून काढल्या, असं, इरकल जिथली त्या इलकलच्या विणकराला करता येत नाही. त्यानं एवढी मांडामांड एकाच साडीसाठी केलेली असते. तू पदराची पिशवी केलीस आणि अंगाचा कुर्ता, तर त्याच्या कामातलं सगळ्यात अवघड जे होतं तेच गेलं.

भाची : म्हणजे इरकल मुळात जोडूनच तयार होते! दोन सुतं, दोन रंग, मध्ये जोड. मी शिवते तेही जोडकामच आहे.

मावशी : त्यानं धाग्यात धागा गुंतवलेला असतो आणि त्याचा जोड साडी असेतो टिकतो. तुझी टीप किती टिकते ते दाखव, मग तुलना कर.

भाची : चांगली मारली तर टिकते. पण मावशी, कपाटात ठेवलेलं कापडही जातंच की. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत पडली की घडीवर चिरते. जर काळी पडते. मग एक दिवस जुन्या जरीच्या साड्या घेणारा दारावर येतो, वजनावर साडी नेतो, ती जाळून त्यातली चांदी काढतो. पैठणीचा शेवट असा होण्यापेक्षा तिचा काठ माझ्या बाहीवर असलेला काय वाईट?

मावशी : घडी बदलत राहायची. मऊ सुती फडक्यात गुंडाळायची, अधूनमधून सावलीत पसरून वारा द्यायचा. हे कष्ट घ्यायचे नाहीत आणि "कपाटात जातेच" म्हणत कात्री काढायची, हा न्याय नव्हे. आणि तुला नेसायची नसेल तर नेसणारीला दे. साडी आपल्याच घरात राहिली पाहिजे, असा हट्ट कशाला?

भाची : हे मात्र खरं. देणं हा मार्ग माझ्या डोक्यात आधी येत नाही, कात्री आधी येते. पण रोजच्या वापराचंही बघ. मी दुचाकीवर कामाला जाते. साडी वर्षातून मोजक्या वेळा नेसली जाते, कुर्ता आठवड्याला अंगावर येतो. आणि कापायची गोष्ट माझ्या पिढीनं काढलेली नाही. आजीच्या लुगड्याला दांड होता, असं तूच सांगितलंस.

मावशी : होता. बसण्याच्या जागी लुगडं आधी विरतं. तेवढा पट्टा काढून टाकायचा आणि राहिलेले दोन धड तुकडे एकमेकांना शिवायचे. लांबी कमी पडली तर दुसऱ्या जुनेरातला तुकडा लावायचा. काठाला काठ जुळला पाहिजे. आई हातानंच बारीक टाके घालायची आणि नेसताना दांड निऱ्यांच्या आत जाईल असं बघायची. कुणाच्या लग्नात बायकांच्या नजरेला पडू नये, एवढाच तिचा आटापिटा. तू ठिगळ लावतेस ते उठून दिसेल अशा रंगाच्या दोऱ्यानं, वर मिरवतेस. जिच्याकडे बदलायला दुसरं लुगडं नव्हतं, तिच्या नाइलाजाची आता हौस झाली, हे मला खटकतं.

भाची : हे ऐकून वाईट वाटतं, पण उत्तर देते. आजीला दांड लपवावा लागला, कारण दुरुस्त केलेलं कापड म्हणजे गरिबी असं सगळ्यांनी मानलं होतं. ते मानणं अजून गेलेलं नाही, म्हणून शिवण जरा उसवली की माणसं शर्ट टाकून देतात. ज्यांना नवं घेणं परवडतं त्यांनी दुरुस्त केलेला कपडा उघडपणे घातला, तर ज्यांना परवडत नाही त्यांच्यावरची लाज थोडी तरी उतरेल. मात्र आजीचं आणि माझं सारखंच आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. माझ्यापुढे आहे.

मावशी : एवढं ध्यानात ठेवलंस तरी पुरे. आणि एक कर. ठिगळं लावून, मुद्दाम फाडून विकायला ठेवलेले कपडे घेऊ नकोस. फाटलं तर सांधावं. सांधल्याचं सोंग विकत आणणं मला पटत नाही.

भाची : मलाही नाही. ठिगळ तिथंच, जिथं भोक पडलं.

मावशी : आमच्याकडे गोधड्या शिवायच्या त्याही जुनेरांच्याच. आत विरलेली लुगडी, वर त्यातल्या त्यात धड लुगडं, आणि कडेपासून कडेपर्यंत धावदोरा. गल्लीतल्या बायका गोधडी बघून सांगायच्या, हा दोरा अमकीच्या हातचा. कुणाचा टाका तांदळाएवढा, कुणाचा लांब, कुणाच्या ओळी कोपऱ्यावर हटकून वळणार.

भाची : मावशी, तू आत्ता जे सांगितलंस तीच माझी शैलीची व्याख्या. नाव लिहिलेलं नाही, तरी कुणाच्या हातचं ते कळतं. उत्तर कन्नडातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी म्हणजे गोधडी शिवतात, तीही जुन्या कपड्यांचीच. कडेकडून सुरुवात करतात, तुकडे लावत लावत मध्यावर येऊन संपवतात. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. नेम सगळ्यांना एकच, पण एक कवंदी दुसरीसारखी नसते. माझ्या कपड्यांतही मला तेच हवं आहे.

मावशी : त्यांचा नेम पिढ्यांनी ठरवला. तुझा नेम कोण ठरवणार?

भाची : माझं शरीर आणि माझा दिवस. दुकानातला मीडियम मापाचा कुर्ता मला खांद्यात ढगळ होतो आणि कमरेला आवळतो, कारण तो कुणा एकीसाठी कापलेलाच नसतो. मी शिवते त्या प्रत्येक कुर्त्याला बाजूच्या शिवणीत खिसा असतो, फोन आणि किल्ल्या मावतील एवढा खोल. बाही कोपराच्या खाली जाते, कारण उन्हात गाडी चालवते. घेर मोकळा आणि लांबी गुडघ्याच्या वर, म्हणजे जिने चढताना पायात येत नाही. आधी हे सगळं गरजेपोटी झालं. नंतर मैत्रिणी म्हणायला लागल्या की हे कपडे तुझेच वाटतात.

मावशी : हे पटलं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला शिकायला गेल्या, तेव्हा त्यांनाही हाच विचार करावा लागला. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, तिकडच्या थंडीत ते कसं चालायचं? त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. मेमसाहेबांचा झगा घातला नाही आणि साडीला कात्रीही लावली नाही. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला १८८५ चा त्यांचा फोटो आहे. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सिरियाहून आलेली सहाध्यायिनी, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. गरज भागवायला प्रत्येक वेळी कापावंच लागतं असं नाही, नेसणही बदलता येते.

भाची : मान्य. पण त्यांनीही आधी थंडीचा विचार केला, हवामान आणि काम बघितलं, आणि त्यातून आपला वेश ठरवला. मी तिथंच उभी आहे.

मावशी : तू असशील. मग शहरात तुम्ही सगळ्या सारख्याच का दिसता? खणाचा ब्लाउज, काळपट चांदीसारखे दागिने, नथ छापलेली पिशवी. प्रत्येकीला वाटतं आपण वेगळ्या आहोत. त्यातला निम्मा खण, तो जिथला त्या गुळेदगुड्डचाही नसतो, यंत्रमागावरचं पॉलिएस्टर असतं. कडेचा एक धागा काढून जाळून बघ. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख मऊ पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो.

भाची : इथं मी तुझ्या बाजूची. हातानं केलेलं म्हणून ढिगानं घ्यायचं आणि हंगाम संपला की टाकून द्यायचं, यात हाताचा काही मान राहत नाही. कुणाची तरी शैली उचलूनही आपली होत नाही. गायिका उषा उथुप बघ. कांजीवरम साडी, मोठी टिकली आणि साड्यांच्या तुकड्यांनी मढवलेले बूट. हे त्यांनी इतकी वर्षं चालवलंय की लांबूनही ओळखू येतात. उद्या मी तसेच बूट घातले, तर लोक मला बघून त्यांचं नाव घेतील.

मावशी : आणि बंजारा भरतकामाचं काय? फेटिया-कांचळीवरचे, म्हणजे घागरा-चोळीवरचे आरसे, कवड्या, टाके, एकेका पोशाखावर बाईनं महिनोन्‌महिने घालवलेले असतात. त्याचे चौकोन कापून पिशव्यांवर चिकटवतात. कुठल्या तांड्यावरच्या कुणी भरलं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ज्या कलेत आपला हात नाही, ती आपली शैली म्हणून कशी सांगायची?

भाची : आपली म्हणून सांगायचीच नाही. भरणाऱ्या बाईकडून नवं काम मागून घ्यायचं, तिचा दर द्यायचा आणि कुणी विचारलं की तिचं नाव सांगायचं. तुझा दुसरा प्रश्नही मला ठाऊक आहे. मी जुनंच फिरवत बसले तर विणकरानं काय खायचं?

मावशी : तो माझ्या दुकानाचाच प्रश्न होता. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरात सुमारे ३५ लाख विणकर आणि पूरक काम करणारे मोजले गेले. त्यांच्यात बहुसंख्य बायका आहेत. रिळं भरणं, ताणा करणं, पदराला गोंडे बांधणं ही कामं बहुतेक त्याच करतात. तुम्ही सगळ्यांनी जुन्यावर भागवायचं ठरवलं, तर या घरांतले माग बंद पडतील.

भाची : म्हणूनच मी दोन्ही करते. जे टिकलंय ते वापरते, आणि नवं घ्यायचं तर थोडं आणि हातमागाचं. कुर्त्यासाठी साडी कापण्यापेक्षा मीटरवर सुटं कापड घेते. खणाचंही तसंच झालं ना? पूर्वी चोळीपुरता, लहान पन्ह्याचा तुकडा विणायचे. बायका चोळ्या घालेनाशा झाल्या आणि मागणी घटली. मग त्याच विणीची अख्खी साडी विणली जाऊ लागली आणि आता ती सगळीकडे दिसते.

मावशी : बरोबर. तिथं बदल मागावर झाला. गोव्यात फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी लाल चौकड्यांची कुणबी साडी पुन्हा विणून घेतली, तीही याच वाटेनं. नवं रूप हवं असेल तर विणकराला सांगावं, तो करून देतो. माझा आग्रह एवढाच की कात्री हा पहिला उपाय नसावा.

भाची : आणि माझा आग्रह, की कात्रीला पाप म्हणू नये. बाबांचे शर्ट घे. कॉलर आणि कफ झिजतात, पाठ आणि पुढचे भाग धड असतात. पूर्वी शिंपी कॉलर उसवून उलटी करून लावून द्यायचे, शर्ट पुन्हा काही वर्षं चालायचा. आता ते कुणी करून मागत नाही. मी दोन शर्टांचा एक कुर्ता करते. काज-बटणांची पट्टी आहे तशी पुढे घेते, म्हणजे काजं पुन्हा करावी लागत नाहीत. बाबांच्या शर्टाचा खिसाही ठेवते.

मावशी : आणि उसवतेस ते कात्रीनं फराफरा की टाका टाका मोकळा करून?

भाची : टाका टाका. शिकले मी. आधी कापड धुऊन वाळवते, म्हणजे आटायचं ते आटून जातं. मग खिडकीत उजेडासमोर धरते आणि विरलेल्या जागा खडूनं गोल करते. दोन अंगठ्यांत धरून जरा ताणून बघते. धागे सरकले तर ती जागा मुंढ्याला किंवा काखेत घेत नाही, तिथं सगळा ताण येतो. कुर्त्याची लांबी ताण्याच्या दिशेनं धरते. पातळ कापडाला आतून सुती अस्तर लावते. उरलेल्याच्या उरेब पट्ट्या काढते, त्या गळ्याला लागतात. त्याहून बारीक चिंध्या गोधडीत जातात.

मावशी : हे ऐकून बरं वाटलं. कापड उजेडासमोर धरून बघणं ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. पण सगळ्यांना शिवता येत नाही. त्या बायका काय करणार? शिंप्याकडे जुनं काम नेलं की तो तोंड फिरवतो.

भाची : कारण उसवायला नव्या शिवणाहून जास्त वेळ लागतो आणि गिऱ्हाईक मात्र म्हणतं, "जुनंच तर आहे, कमी घ्या." नव्या शिवणाएवढी मजुरी दिली की तोच शिंपी मन लावून काम करतो. माझ्या गल्लीतले काका आता मलाच सुचवतात, इथं कळी घाल, हा काठ बाहीला न घेता पाठीवर उभा घे. माझे बरेच कपडे त्यांच्याही डोक्यातून आलेले आहेत. स्वतःची शैली असली तरी ती एकटीनं होत नाही.

मावशी : दागिन्यांतही तेच. पुतळ्यांची माळ तुटली, की लोक सराफाकडे मोड देऊन नवं काहीतरी घेतात. सोनं वितळतं आणि आजीच्या पुतळ्या कायमच्या जातात. त्यापेक्षा पटवेकऱ्याकडे न्यावी. रेशमी दोऱ्यात तो पुन्हा गुंफून देतो. लांबी तुझ्या गळ्याला हवी तेवढी आणि मधे पोवळी हवी तर पोवळी. त्याच पुतळ्या तुझ्या होतात, आणि पुढं तुझी मुलगी तिच्या मापानं गुंफून घेईल.

भाची : कापडाच्या बाबतीत तू एवढी सैल होत नाहीस!

मावशी : पुतळी सुटी केली तरी पुतळीच राहते. कापलेली पैठणी परत सहावार होत नाही. फरक तिथं आहे. म्हणून सोन्यात मी मोकळी आणि कापडात कडक. बरं, आता आण ती इरकल.

भाची : कापू देणार?

मावशी : कापायला मीच सांगते. पदर आणि अंग जिथं जुळतात तो जोड तोडू नकोस. तो अख्खा जाकिटाच्या पाठीवर घे, वर लाल पदर, खाली काळं अंग, म्हणजे बघणाऱ्याला टोप-तेनी दिसेल. पदराचं रेशीम जुनं आहे, त्याला अस्तर हवंच. काठ पुढच्या दोन्ही कडांना उभा लाव. निऱ्यांचा भाग कुर्त्याला घेऊ नकोस, तो अंगावर टिकणार नाही. तो गोधडीच्या आत घाल.

भाची : मग कुर्ता होणार नाही.

मावशी : नाही होणार. जेवढं कापड धड आहे तेवढाच कपडा कर. दोन हवेत म्हणून विरलेलं ओढून आणलंस, तर दोन्ही लवकर जातील.

भाची : बरं, जाकीटच. पण आईची हिरवी पैठणी? धड आहे, आणि माझ्याकडून नेसली जात नाही.

मावशी : तिला हात लावायचा नाही.

भाची : मला तिचं काहीतरी रोजचं हवं आहे, मावशी. आईचं म्हणून.

मावशी : मग रोज नाही, पण वर्षाचे सण ठरव आणि नेस. नेसायला अवघड जात असेल तर माझ्याकडे ये, मी शिकवते. तरीही पाच-दहा वर्षांनी तुला कापावीशी वाटली, तर तेव्हा बोलू. आज नाही.

भाची : आज नाही, हे मान्य. कधीच नाही, हे मी कबूल करत नाही.

दोघींचं एवढ्यावर थांबलं. पैठणीबद्दल त्यांचं एकमत झालं नाही आणि ते व्हायलाच हवं असंही नाही. पण दोघींच्या बोलण्यातून कामाचा एक क्रम हाती लागतो आणि तो मला पूर्ण पटतो. कापड धड असेल तर ते आहे तसं वापरावं. आपल्याला वापरता येत नसेल तर वापरणाऱ्याला द्यावं. विरलं असेल तर सांधावं आणि सांधण्यापलीकडे गेलं असेल तरच कात्री लावावी. कात्री लावताना विणकराच्या कामातलं जे सगळ्यात अवघड, ते शक्य तितकं अखंड ठेवावं. नवं घ्यायची वेळ आली तर हातमागाचं घ्यावं आणि शिवणाऱ्याला, भरणाऱ्याला, गुंफणाऱ्याला त्यांची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

स्वतःची शैली हवी असणाऱ्यांनी आरशापासून सुरुवात करू नये. आपण दिवसभर काय करतो, कशानं जातो-येतो, कुठं घाम येतो, कुठं कापड आवळतं, काय ठेवायला खिसा लागतो, याची आधी नोंद घ्यावी. त्याप्रमाणे एकेक कपडा दुरुस्त करत गेलं, बदलत गेलं आणि तो खरोखर झिजेपर्यंत वापरला, की काही वर्षांत कपाटातले कपडे एकाच माणसाचे वाटू लागतात. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि कापडाची जाण लागते. ती जाण ज्यांच्याकडे आहे अशा मावश्या, शिंपी, विणकर, पटवेकरी आज आपल्या आसपास आहेत. त्यांना विचारा.

सुरुवात लहान असू द्या. कपाटातली सगळ्यात चांगली साडी काढू नका. फाटलेला, उसवलेला, बटण तुटलेला एक कपडा काढा, धुवा, उजेडासमोर धरा, सांधा आणि पुढच्या आठवड्यात तो घालून बाहेर पडा.